नकाराची अर्धी गोष्ट

'परम' महासंगणकावरच्या मराठी लेखांचा साचा एव्हाना पक्का झाला आहे. अमेरिकेने महासंगणक नाकारला, डॉ. विजय भटकरांनी तो पुण्यात उभा केला, अमेरिकेची जिरली. यात खोटे काही नाही. पण गोष्ट अर्धीच आहे, आणि गाळलेला अर्धा भाग आज अधिक कामाचा आहे.

मुळात नकार सरसकट नव्हता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा होता तो क्रे मिळाला नाही. दिल्लीला मात्र हवामानाच्या अंदाजासाठी कमी ताकदीचा क्रे एक्स-एमपी/14 मिळाला, तोही दुसऱ्या कशासाठी वापरणार नाही या अटीवर. मी राहतो त्या लोणंदमध्ये गरवा कांदा चाळीत जाईपर्यंत सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. त्या आभाळाचे गणित सोडवणारे यंत्र अण्वस्त्राच्या स्फोटाचेही गणित सोडवू शकते, म्हणून ती अट. विकणारा देश यंत्राआधी घेणाऱ्याची नियत तोलत होता.

1988 साली सी-डॅक स्थापन झाले आणि 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. आपले लेखक इथे घाई करतात. त्या यंत्रातले प्रोसेसर, म्हणजे ट्रान्सप्युटर, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. असे अनेक प्रोसेसर जोडून एकच मोठे काम त्यांच्यात वाटून द्यायचे, ती जुळणी आणि तिचे सॉफ्टवेअर ही पुण्याची कमाई. मला ती मुळीच लहान वाटत नाही. चिप बाहेरची होती एवढे लिहिल्याने भटकरांना उणेपणा येतो, ही भीती मात्र मला कधीच समजली नाही.

पुढे 2018 मध्ये पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'प्रत्यूष' बसला. तो चक्क क्रे कंपनीचा! दरम्यान 2008 चा अणुकरार झाला होता, चीन मोठा झाला होता. दार आपल्या कर्तबगारीने किलकिले झाले असेल, पण सताड उघडले ते वॉशिंग्टनच्या बदललेल्या गरजेने, असे माझे मत आहे.

ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप आणि त्या बनवणारी यंत्रे देण्यावर बंधने घातली. जानेवारी 2025 मध्ये एआयच्या चिप कोणत्या देशाला किती द्यायच्या, याचा नियम जाहीर केला. पहिल्या रांगेत 18 देश होते, त्यांत भारत नव्हता. मे महिन्यात नियम मागे घेतला गेला. दिल्लीच्या क्रेवरची अट आणि ही रांग यांत मला फारसा फरक दिसत नाही.