उलटी उधारी

महागड्या बुटीकमधल्या सेल्स असोसिएटशी नातं कसं जोडायचं, हे शिकवणारे व्हिडिओ हल्ली माझ्या फोनवर आपोआप येतात. एकदा एक पूर्ण पाहिला, तेव्हापासून सुटका नाही. सल्ला साधारण असा: गेल्या गेल्या बॅग मागू नका. आधी स्कार्फ घ्या, मग चपला, मग घरासाठी एखादी ताटली. दर वेळी त्याच माणसाकडून घ्या. तिचं नाव लक्षात ठेवा, दिवाळीला मेसेज करा, आईची तब्येत विचारा. तिनं दाखवलेली वस्तू आवडली नाही तरी तोंड वाकडं करू नका. असं वर्ष-दोन वर्षं नेटानं केलंत, की एक दिवस ती तुम्हाला आतल्या खोलीत नेईल आणि डबा उघडेल. पैसे देऊन वस्तू घ्यायची आणि वर मर्जीही सांभाळायची. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला आपल्याकडे अशीच तयारी करून घेत असत.

मी घोडपदेवचा. इथून लोअर परळचं पॅलेडियम तीन-चार किलोमीटरवर, आणि ते उभं आहे 1905 साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या जागेवर. आमच्याकडे दुकानदाराशी असलेल्या नात्याला एकच शब्द होता: 'मांडून ठेवा'. वाण्याकडे लाल कापडाच्या बांधणीची वही असे, तीत प्रत्येक घराचं पान असे. खानावळवाल्या बाईकडेही तसंच. गावाहून एकटा आलेला गिरणी कामगार महिनाभर जेवायचा आणि पगार झाला की पैसे द्यायचा. या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, तेव्हा पगार थांबले तरी पोटं थांबली नव्हती. वहीतली पानं भरत गेली. काही कधीच फिटली नाहीत.

वाण्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. तो मापात मारायचा, आणि उधारी थकली की चार लोकांत बाईमाणसाला ऐकवायचा. पण त्या नात्याची एक दिशा होती. माल आधी, पैसे नंतर. विश्वास दुकानदारानं टाकायचा, आणि बुडाला तर तो त्याचा. शिवाय हिशेब दोघांना दिसायचा. वही उलटी फिरवून 'हे साबण कधी नेले मी?' असं विचारता यायचं.

बुटीकमध्ये ही दिशा उलटते. पैसे आधी, वस्तू नंतर, तीही मिळाली तर. उधारी गिऱ्हाईक देतं, आणि वही मात्र दुकानाकडेच राहते. 2024 मध्ये कॅलिफोर्नियात दोन ग्राहकांनी हर्मेसवर दावा लावला तो नेमका याबद्दल. बर्किन बॅग हवी असेल तर आधी इतर माल घेऊन आपली खरेदी 'दिसायला' लागते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या तक्रारीतला एक तपशील मला एखाद्या कथेतल्यासारखा वाटला. इतर मालावर विक्रेत्याला तीन टक्के कमिशन, इतर बॅगांवर दीड टक्का, आणि बर्किनवर शून्य. हा अर्थात आरोप होता, आणि 2025 मध्ये न्यायालयानं दावा फेटाळला. पण घटकाभर तो खरा धरून पाहा. ज्या एका वस्तूसाठी गिऱ्हाईक हिच्याशी गोड बोलतंय, ती वस्तू विकून हिच्या हातात काहीच पडत नाही. गिऱ्हाईक बॅगेची वाट बघतंय, ही स्कार्फांची.

या मामल्यावर गोष्टी कमी नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. बहुतेक गोष्टी दुकानाच्या दाराशी थांबतात. आत कुणाला घेतलं, कुणाला हाकललं, एवढ्यावरच त्यांचं समाधान होतं. काउंटरमागे उभं राहणाऱ्या माणसाचा पगार कसा ठरतो, तिनं हसायचं कशासाठी, हे विचारणाऱ्या गोष्टी मोजक्याच.

'मिसेस हॅरिस गोज टू पॅरिस' (2022) हा दाराशी थांबणाऱ्यांतला सगळ्यात लाघवी सिनेमा. 1957 सालच्या लंडनमधली एक घरकाम करणारी बाई पैसे साठवून डिओरचा ड्रेस घ्यायला पॅरिसला जाते. इझाबेल युपेरनं केलेली डिओरची व्यवस्थापिका तिला दारातूनच परत पाठवायला बघते. पण मिसेस हॅरिसकडे रोख पैसे आहेत, आणि दुकानाला रोखीची गरज आहे, कारण बडी गिऱ्हाइकं बिलं वेळेवर भरत नाहीत. म्हणजे मांडून ठेवायची सोय तिथेही होती, फक्त सरदार-उमरावांसाठी. हा धागा पकडून सिनेमा कुठल्या कुठे गेला असता. पण त्याला सगळ्यांना खूश ठेवायचंय. शिवणाऱ्या बायका, हिशेबनीस, मॉडेल, सगळे हळूहळू मिसेस हॅरिसचे मित्र होतात. रविवारी दुपारी बघायला छान. घरी परतल्यावर मात्र लक्षात येतं, की मैत्रीची सुरुवात नोटांच्या पुडक्यानं झाली होती, आणि ते सिनेमानं आपल्याला विसरायला लावलं.

आपल्या जवळचा सिनेमा म्हणजे रोहेना गेरांचा 'सर'. 2018 मध्ये कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये दाखवला गेला, आपल्याकडे 2020 च्या नोव्हेंबरात आला. तिलोत्तमा शोमची रत्ना ही महाराष्ट्रातल्या खेड्यातून आलेली विधवा, मुंबईत एका श्रीमंत तरुणाच्या फ्लॅटमध्ये राहून घरकाम करते, आणि तिला फॅशन डिझायनर व्हायचंय. एकदा ती कपड्यांच्या एका महागड्या दुकानात शिरते आणि तिला बाहेर काढलं जातं. प्रसंग छोटा आहे, पण मी तो मागे नेऊन नेऊन पाहिला. शोमचा चालण्याचा वेग आत आणि बाहेर वेगळा आहे. आत ती कपड्यांकडे शिकाऊ नजरेनं बघते, शिवण कशी बसवलीय ते बघणाऱ्याची ती नजर. त्या दुकानात त्या दिवशी इतकं नीट कुणीच कापड पाहिलं नसेल. आणि नेमकं तिलाच बाहेर काढतात.

मला हा सिनेमा आवडतो, म्हणूनच ही तक्रार. रत्नाला बाहेर काढणाऱ्यांना चेहरे आहेत, गोष्ट नाही. ते संध्याकाळी कुठली लोकल पकडतात? अशा दुकानांत उभी राहणारी मुलं-मुली काही मलबार हिलवरून येत नाहीत. ती आमच्यासारख्या वस्त्यांतून येतात, दहा बाय बाराच्या खोलीतून इस्त्रीचा काळा सूट घालून निघतात. रत्नाला ओळखायला त्यांना दोन सेकंद लागतात, कारण त्यांच्या घरात तशाच बायका आहेत. दार अडवणं हाही त्यांच्या कामाचा भाग आहे, आणि मालक-मोलकरीण या नात्यातल्या प्रत्येक सुरकुतीकडे इतक्या समजुतीनं बघणारा हा सिनेमा या नात्याकडे मात्र एका थपडीपुरताच बघतो. ती थप्पड रत्नाच्या वाट्याला यावी म्हणून समोरच्यांना नुसते हात उरले.

ज्यानं आत जाऊन पाहिलं तो एमिल झोला. त्याची 'ओ बोनर दे दाम' ही कादंबरी, म्हणजे 'बायकांचा स्वर्ग', 1883 ची. छोट्या शहरातून दोन धाकट्या भावांना घेऊन पॅरिसला आलेली डेनिस एका भव्य डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विक्रेती होते. समोरच तिच्या काकाचं जुनं, अंधारं कापड दुकान मरत चाललंय. कमिशनसाठी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या मुली, दुकानाच्या माथ्यावरच्या खोल्यांत त्यांचं राहणं, विक्री मंदावली की एका वाक्यात मिळणारा नारळ, हे सगळं झोला यादीसारखं मांडतो. कादंबरी कधी कधी त्यामुळे जडही होते. पांढऱ्या कापडांच्या सेलचं वर्णन मी तीन पानांनंतर सोडून दिलं, मान्य करतो.

पण एक प्रसंग असा आहे की आजच्या कुठल्याही बुटीकमध्ये उचलून ठेवावा. मालक मुरे याचं डेनिसवर मन जडलंय, याचा सुगावा त्याच्या प्रेयसीला, आँरिएतला लागतो. ती दुकानाची मोठी गिऱ्हाईक. एक कोट नीट बसत नाही असं सांगून ती डेनिसला घरी बोलावून घेते, मुद्दाम मुरे तिथं असताना. डेनिस टाचण्या घेऊन कोट ठीक करत राहते आणि आँरिएत पुन्हा पुन्हा नापसंती दाखवते. शिवी नाही, हात उचलणं नाही. सगळं गिऱ्हाइकाच्या हक्कात बसतं, आणि डेनिसच्या नम्रपणाचा पगार दुकान देतं, त्यामुळे तिला तो सोडताही येत नाही. विक्रेतीशी 'नातं' जोडता येतं याचाच अर्थ ते नातं वापरताही येतं, हे झोलाला दिसलं होतं. व्हिडिओतल्या सल्लागारांना दिसत नाही, किंवा दिसतं आणि तोच त्यांचा मुद्दा आहे.

वसंतबालन यांचा तमिळ सिनेमा 'अंगाडी तेरू' (2010) हा झोलाचा खरा वारस. चेन्नईच्या रंगनाथन स्ट्रीटवरच्या साड्या-कपड्यांच्या दुकानातली गावाकडची पोरं, कोंबून झोपवणारी वसतिगृहं, मारहाण करणारा सुपरवायझर. या सिनेमात गिऱ्हाईक जवळजवळ पार्श्वभूमीला आहे. शेवट मला जरा जास्तच क्रूर वाटतो, पण दिवसभर उभं राहिलेले पाय त्यानं दाखवले. विक्रेत्यांना कामावर बसायचा हक्क केरळनं 2018 मध्ये कायद्यात घातला, तोही कोळिकोडच्या बायकांनी त्यासाठी लढा दिल्यावर. तमिळनाडूनं 2021 मध्ये.

आणि मराठीत? गिरणी आहे. संपानं घर कसं उसवतं हे जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये आहे. 2012 चा साहित्य अकादमी मिळालेल्या त्यांच्या कथासंग्रहाचं नावच 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'. पण गिरणीच्या जागी जे काम आलं, उभं राहायचं आणि हसायचं, त्याला आमच्या लिहिण्यात अजून भोंगा मिळालेला नाही. कामगाराच्या घामाला आम्ही कविता दिली. त्याच्या नातीच्या फाउंडेशनखालच्या थकव्याला काय म्हणायचं ते आम्हाला सुचलेलं नाही.

आमच्या मागच्या चाळीतली एक मुलगी अशा एका बुटीकमध्ये आहे. रात्री दहाला गॅलरीत उभी राहून 'येस मॅम, आय विल कीप इट फॉर यू' चालू असतं, आत आजीची मालिका. मध्यंतरी तिचे वडील दवाखान्यात होते. तिच्या एका क्लायंटनं आठवडाभर रोज मेसेज केला, फळांची टोपली पाठवली. त्याच महिन्यात त्या बाईंनी काहीच घेतलं नाही आणि हिचं टार्गेट हुकलं. मी जरा तिरकस काहीतरी बोललो असेन. ती म्हणाली, "दादा, मॅमनी विचारलं ते मनापासून होतं रे. टार्गेट पण खरं होतं. तुला एकच काहीतरी खरं पाहिजे असतं."

मग मी तिला डेनिस आणि आँरिएतचा प्रसंग सांगितला, अगदी रंगवून. अपमान, मत्सर, टाचण्या, सगळं. तिनं चहा संपेपर्यंत ऐकलं.

"आणि कोट?" तिनं विचारलं. "कुठं बसत नव्हता? खांद्यात की पाठीत?"