सरकारी वकिलाचा ग्रंथ

लोणावळ्यास पावसाची झड लागली कीं जाड ग्रंथास हात घालावा, ही आमची जुनी खोड आहे. यंदा होरमसजी माणेकजी सीरवाई यांच्या भारतीय राज्यघटनेवरील इंग्रजी ग्रंथाच्या आवृत्त्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या. पहिली आवृत्ति १९६७ ची. लेखक तेव्हां महाराष्ट्राचे अॅडव्होकेट-जनरल होते. १९५७ पासून १९७४ पर्यंत तें पद त्यांजकडे होतें. या अधिकाऱ्यास विधिमंडळांत बोलतां येतें, पण मत देतां येत नाहीं. सीरवाईंच्या ग्रंथांत मात्र मतांचाच सुकाळ आहे. निकाल चुकला असें वाटलें कीं न्यायाधीश कोण हें त्यांची लेखणी पाहात नाहीं. क्वचित् ती इतकी कठोर होते कीं, प्रतिपक्षाचें म्हणणें पुरतें ऐकून घेतलें काय, अशी शंका येते. हा कोर्टाच्या संवयीचा दोष होय.

परंतु ग्रंथाची खरी कसोटी केशवानंद भारती खटल्याच्या विवेचनांत लागते. केरळच्या जमीनसुधारणा कायद्यांतून निघालेला हा वाद १३ न्यायाधीशांपुढें ६८ दिवस चालला. घटना दुरुस्त करण्याच्या अधिकारास मर्यादा नाहीं, अशी बाजू केरळ सरकारतर्फें सीरवाईंनीं मांडली. २४ एप्रिल १९७३ रोजीं ७ विरुद्ध ६ मतांनीं न्यायालयानें ती अमान्य केली. पवनेच्या धरणांत ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आमच्या मावळांतील शेतकऱ्यांस हा वाद पंडिती वाटणार नाहीं. सरकारनें किती घ्यावें आणि त्यास अडवावें कोणीं, हाच तो प्रश्न.

पुढें १९७५ सालीं आणीबाणी आली. स्थानबद्धांना न्यायालयाचें दार बंद करणारा १९७६ चा निकाल लागला. त्यावर सीरवाईंनीं १९७८ मध्यें टीकेचें स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. आणि ज्या सिद्धान्ताविरुद्ध ते भांडले होते तो, घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त, ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तींत त्यांनीं मान्य केला. वकिलास अशिलाच्या बाजूचा जाब कोणी विचारीत नाहीं. ‘ती सरकारची बाजू होती’ एवढें म्हणून त्यांना सुटतां आलें असतें. त्यांनीं ती वाट धरली नाहीं, हें आम्हांस त्यांच्या सर्व पांडित्याहून मोठें वाटतें.

मात्र या मतांतराचा हिशेब ते कायद्याच्या भाषेंतच देतात. १९३७ ते १९४२ मुंबई प्रांतांत हेंच पद सांभाळणाऱ्या मोतीलाल सेटलवाडांनीं १९७० त आत्मचरित्र लिहून वाचकाची सोय केली. सीरवाईंचें आत्मचरित्र आम्हांस या एका प्रकरणांत सांपडलें, आणि तेंहि अपुरें.