गाभा कोणता, टरफल कोणतं?

६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवा. सरकारी कार्यालयांना बाहेरून मनुष्यबळ पुरवायला राज्याने नऊ संस्था ठरवल्या होत्या. ओरड झाली, ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. विषय मात्र तिथे संपला नाही.

माझा आक्षेप वर्गीकरणावर आहे. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे गट पाडले, म्हणजे माणूस मोजला. काम संस्थेच्या गाभ्याचं की बाजूचं, यावरून गट पडले नाहीत.

कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याविषयीची २०२० ची संहिता हा भेद करते. गाभ्याबाहेरच्या कामांच्या यादीत साफसफाई पहिली आहे. पण अट बघा बरं का: संस्था त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर!

आता आपल्याकडे या. जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिका २००३ च्या. १९४९ च्या महापालिका कायद्यात रस्त्यांची सफाई हे बंधनकारक कर्तव्य आहे. जे काढल्यावर वस्तू ती वस्तू राहत नाही, ते तिचं सार, असं आम्ही वर्गात शिकवायचो. जिल्हाधिकारी कचेरीतली झाडलोट बाहेर दिली तरी कचेरी कचेरीच राहते. महापालिकेतून सफाई, पाणी, दिवे काढा, उरतं काय? घरपट्टी वसूल करणारं दुकान!

मग बाहेर काहीच देऊ नये? तसं नाही. गाड्यांची दुरुस्ती, उपाहारगृह, बागकाम खुशाल द्या. आपल्याकडे लग्नात वांगी भाजायला आचारी असतो. पंगतीत आग्रह मात्र घरचाच माणूस करतो. काम देता येतं, यजमानपण देता येत नाही.

म्हणून तीन प्रश्न विचारा. हे काम नसेल तर संस्था उरेल का? झालेलं काम तपासणारा आपला माणूस आहे का? ठेकेदार उद्या निघून गेला तर परवा काय?

आणि सगळ्यात कमी दराच्या निविदेला भुलू नका. मनुष्यबळाच्या ठेक्यात मुख्य खर्च मजुरीचा, आणि किमान वेतन कायद्याने ठरलेलं. मग दर पडतो कुठून? बहुधा मजुराच्या ताटातून. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने तर सांगितलंच होतं की ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यावा. म्हणजे जबाबदारी ठेक्याने जात नाही, हे कायद्याला केव्हाच कळलं होतं.

पहाटे आपल्या दारापुढे झाडू मारणारी बाई कुणाची माणूस? उत्तर देताना महापालिका अडखळली, तर समजा, ठेका सफाईचा नव्हता, कर्तव्याचाच दिला होता.