दिलेला चरण आणि नवा बोर्ड

समस्यापूर्तीत शेवटचा चरण दुसऱ्याने दिलेला असतो. आधीचे तीन चरण कवीने असे रचायचे, की तो चौथा आपसूक जागेवर येऊन बसावा. चीनमधल्या ५१एनबी या थिंकपॅडवेड्यांच्या गटाने घडवलेला एक्स२१० हा मदरबोर्ड मी या नजरेने वाचतो. त्यांना मिळालेला चरण होता २००८ सालचा थिंकपॅड एक्स२०० आणि २०१० सालचा एक्स२०१: १२.१ इंची पडद्याचे काळे लॅपटॉप. स्क्रूची भोकं ठरलेली, बाजूच्या खाचा ठरलेल्या, फॅनची जागाही ठरलेली. या मूळच्या सांगाड्यात २०१७ सालचा प्रोसेसर बसवायचा होता.

एवढा खटाटोप मुख्यतः कीबोर्डसाठी. सात ओळींचा, खोल दाबला जाणारा, उजवीकडे वर होम, एंड, पेज अप, पेज डाउनचा स्वतंत्र गठ्ठा आणि मधोमध कर्सर हलवणारा लाल ट्रॅकपॉइंट असलेला तो कीबोर्ड. २०१२ च्या एक्स२३०पासून लेनोव्होने या मालिकेत सहा ओळींचा, सुट्या चौकोनी बटणांचा कीबोर्ड आणला. २०१७ मध्ये थिंकपॅडच्या पंचविशीनिमित्त काढलेल्या खास मॉडेलमध्ये सात ओळी पुन्हा दिसल्या, पण तेवढ्यापुरत्याच. ज्यांच्या बोटांना हा कीबोर्ड सवयीचा झाला होता, त्यांच्या हातात उत्तम शरीर होतं आणि आत दमलेलं यंत्र.

बोर्डाची पहिली खुबी उष्णतेच्या हिशेबात आहे. एक्स२००मधला कोअर २ ड्युओ पी८४०० हा दोन कोअरचा प्रोसेसर २५ वॅटचा. शेजारचा चिपसेट तापायचा तो वेगळाच. एक्स२१०वरचा आय५-८२५०यू चार कोअरचा असून मूळ मर्यादा १५ वॅट, आणि चिपसेटची बरीचशी कामं करणारी चिप त्याच्याच पॅकेजमध्ये बसलेली. जोर लावला की तो थोडा वेळ १५ वॅटच्या वर जातो हे खरं, तरी एकूण गणित जुन्या फॅनच्या बाजूचं आहे. दहा वर्षांत शक्ती वाढली, उष्णता कमी झाली आणि बोर्डावर मोकळी जागाही निघाली. ही फट रचनाकारांनी हेरली. माझ्या मते सगळ्या कल्पनेचा उगम इथेच आहे.

पण मोकळी जागा म्हणजे सोपं काम नव्हे. ४२ बाय २४ मिलिमीटरच्या या प्रोसेसरच्या पोटाखाली सोल्डरचे १,३५६ मणी असतात. त्या दाटीतून प्रत्येक तार बाहेर काढायची, एका थरातून दुसऱ्या थरात उतरवायची, वीज पोहोचवणारे आणि ग्राउंडचे थर अखंड ठेवायचे. मेमरीकडे जाणाऱ्या तारा तर फार नाजूक प्रकरण. डीडीआर४ मेमरी २४०० च्या वेगाने चालते तेव्हा एक बिट सुमारे ०.४२ नॅनोसेकंद टिकतो. एवढ्या वेळात संकेत बोर्डावर जेमतेम सहा सेंटिमीटर सरकतो. सोबतच्या तारेपेक्षा एखादी तार सेंटिमीटरभर लांब पडली, तर बिटाचा सहावा हिस्सा तिथेच खर्च होतो. म्हणून आखूड तारांना मुद्दाम नागमोडी वळणं देऊन लांबी जुळवतात. अशा कुठल्याही बोर्डावरची ती वळणं मला फार देखणी वाटतात, कारण त्यांत सजावट अजिबात नसते. प्रत्येक वळण कुणीतरी मोजून दिलेलं असतं.

बाहेरच्या बाजूला यूएसबी पाहा. यूएसबी ३ च्या कनेक्टरमध्ये चारऐवजी नऊ स्पर्श असतात, पण त्याचं तोंड जुन्याच मापाचं. त्यामुळे २००८ च्या खाचेतून नवा वेग बाहेर पडतो आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. पडद्याशी मात्र अशी जुळणी झालेली नाही. जुना पडदा एलव्हीडीएसवर चालायचा, नव्या प्रोसेसरला ती भाषाच येत नाही. बोर्डावर ईडीपी या नव्या भाषेची जोडणी आहे, त्यामुळे पडदाही बदलावा लागतो. मूळ वस्तू शक्य तितकी तशीच राहावी असं मानणाऱ्याला हे खटकतं. मलाही खटकतं. पण एक भाषांतर करणारी चिप मध्ये घालून १२८० बाय ८०० चा फिका पडदा जपण्यापेक्षा हे बरं, असंही मला वाटतं.

सर्वांत कमी कौतुक होतं ते एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या छोट्या चिपचं. बटणांची जाळी सतत तपासत राहायची, पीएस/२ वरून ट्रॅकपॉइंटचं ऐकायचं, बॅटरीला चार्ज विचारायचा, फॅन किती फिरवायचा ते ठरवायचं, हे सगळं तिच्याकडे. लेनोव्होचं जुनं फर्मवेअर या नव्या बोर्डावर चालणं शक्यच नव्हतं. ज्या कीबोर्डासाठी सगळं मांडलं, तो जिवंत ठेवण्याची जबाबदारी या चिपसाठी नव्याने जुळवलेल्या फर्मवेअरवर आली. प्रोसेसरच्या वेगाचे आकडे सगळे सांगतात. फंक्शन बटण दाबून उजेड कमीजास्त होणं हे माझ्या लेखी त्याहून अवघड आणि जास्त मोलाचं काम.

पुढे मॅथ्यू गॅरेट यांनी कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर या बोर्डावर आणलं. कोअरबूटच्या संग्रहात लेनोव्होच्या नावाचा कप्पा आहे तसाच ५१एनबीचाही आहे आणि त्यात एक्स२१० ठेवलेला आहे. कुठली पिन कशाला जोडली आहे, कुठला यूएसबी पोर्ट कुठे उघडतो, हे तिथे कुणालाही ओळीओळीने वाचता येतं. प्रोसेसर आणि मेमरी जागी करणारा इंटेलचा बंद तुकडा मात्र तिथेही बंदच आहे.