लपून ऐकलेली विद्या

‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, संस्था प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा. आमच्या मावळातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांनी हे नाटक डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आम्ही ते कानांनी पाहिलं, आधी रेडिओवर, मग कॅसेटवर. तरी खाँसाहेब कसे चिडत असतील हे विचारा, कुणीही सांगेल.

लोक म्हणतात, जुनं ते सोनं, म्हणून ही गाणी टिकली. मला हे पटत नाही. जुनं तर पुष्कळ होतं, सगळं कुठं टिकलं? ही टिकली, कारण त्यात नुसतं गाणं नाही, भांडण आहे. एकच पद पंडितजी आपल्या चालीत गातात, शांत, देवापुढं बसल्यासारखं. तेच खाँसाहेब आपल्या चालीत घेतात तेव्हा आवाज वीज पडल्यासारखा येतो. दोन्ही लागोपाठ ऐकावं. शास्त्र न कळणाऱ्यालाही दोन घराणी म्हणजे काय ते कळतं. साथीला वाद्यांची गर्दी नाही, त्यामुळं गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

गोष्ट काय आहे? खाँसाहेबांची विद्या घराण्याबाहेर जायची नाही. सदाशिव त्यांच्या हवेलीत चाकर म्हणून राहतो आणि लपून गाणं उचलतो. आता गंमत बघा. हा हट्टी उस्ताद उभा केला वसंतराव देशपांड्यांनी, आणि ते स्वतः एका घराण्याचे नव्हतेच. माधुकरी मागावी तसं त्यांनी अनेक दारांतनं गाणं आणलं. अभिषेकीबुवांचंही तसंच. दार बंद करणाऱ्याचा राग त्यांच्या गाण्यात खरा वाटतो, तो मला वाटतं यामुळंच. बंद दारापुढं उभं राहणं त्यांना ठाऊक असणार.

आमच्या भागात एक भजनीबुवा होते. चाल विचारली की म्हणायचे, ‘तुझ्या घरात कोण गायलंय?’ माझं शिक्षण दहावीपर्यंत, घरात नांगर. मग मी कॅसेट मागं-पुढं करून ताना ऐकायचो. भाताच्या खाचरात आवण लावताना त्याच घोळवायचो. आमच्यासारख्या कितीतरी जणांना त्या कॅसेटनं सदाशिव केलं.

पण तिच्यात उणंही आहे. कॅसेट ‘चुकलास’ म्हणत नाही. आणि दारव्हेकरांचे संवाद गाण्यांत येत नाहीत, त्यामुळं कट्यारीला एक खून माफ आहे, ही गोष्टीतली धार नुसतं ऐकणाऱ्याला कळत नाही.

२०१५ साली सिनेमा आला. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेबांसाठी गायले, महेश काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणं उत्तम आहे, मी वाईट म्हणणार नाही. पण तिथं आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा. मूळ मुद्रणात जो चिडतो तोच गातो. रात्रीमागून रात्री ती भूमिका जगलेल्या माणसाचा गळा आहे तो.

सिनेमा पाहिलेली आमची पोरं आता मोबाईलवर ते जुनं गाणं शोधतात. शोधू द्या. खाँसाहेबांनी लावून घेतलेलं दार त्यांच्याच आवाजानं उघडं ठेवलंय.