ईयोबाची फिर्याद आणि पंडिता रमाबाईंची साक्ष

'ख्रिस्तपुराणा'पासून (१६१६) ते रेव्हरंड टिळकांनी आरंभलेल्या आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेल्या 'ख्रिस्तायना'पर्यंत मराठी ख्रिस्ती महाकाव्याच्या केंद्रस्थानी ख्रिस्तचरित्र राहिले. क्रूसावरील यातनेचा अर्थ ख्रिस्ती श्रद्धेने आधीच निश्चित केलेला असतो : ती यातना इतरांच्या तारणासाठी आहे. जुन्या करारातील ईयोबाच्या यातनेला मात्र असा कोणताही अर्थ दिलेला नाही. म्हणूनच बायबलमधील भय, दुःख आणि मानवी दुर्बलता यांचा विचार करताना ईयोबाचा ग्रंथ ही खरी कसोटी ठरते. या कसोटीवर मराठी परंपरेतील एक आत्मनिवेदन तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. ते आहे पंडिता रमाबाईंचे, १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले.

प्रथम 'भय' या संकल्पनेचा विचार करणे आवश्यक आहे. हिब्रू 'यिरआह' या शब्दात भीती आणि आदर हे दोन्ही भाव एकवटलेले आहेत. मराठी बायबलात त्यासाठी 'भय' हा शब्द रूढ झाला. मराठी भाषेत 'पापभीरू' आणि 'देवभीरू' हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. पापभीरू मनुष्य कर्माच्या फळाला भितो, तर देवभीरू मनुष्य ज्या सत्तेपुढे उभा असतो तिच्याशी फळाचा हिशेब करता येत नाही. ईयोबाच्या ग्रंथाचा आरंभ नेमका याच भेदातून होतो. ईयोब निर्दोष आणि देवभीरू आहे हे कोणी नाकारत नाही. सैतानाचा आक्षेप एवढाच की हे भय निरपेक्ष नाही, त्यामागे लाभ आहे. पुढे संपत्ती, संतती आणि आरोग्य हिरावले जाते ते हा आक्षेप तपासण्यासाठी. परंतु ईयोबाला याची वार्ता कधीच मिळत नाही.

एलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र सात दिवस मूक बसतात, आणि बोलू लागतात तेव्हा दुःखाचे कारण सांगतात : जेथे शिक्षा आहे तेथे पाप असलेच पाहिजे. पूर्वजन्माची कल्पना वगळली तर हा युक्तिवाद मराठी वाचकाला परका नाही. 'प्राक्तन', 'भोग', 'कुठले तरी पाप' ही त्याचीच घरगुती रूपे होत. ईयोब हे कारण नाकारतो. तो स्वतःला मातीचा, अल्पायुषी म्हणवतो. दुर्बलता मान्य करतो, अपराध मान्य करीत नाही.

येथे वारकरी परंपरेशी तुलना मनात येणे स्वाभाविक आहे. दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावलेले तुकोबा देवाशी भांडतात. ज्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात असल्याने पंजाबलाही जे आपले वाटतात, ते नामदेवही विठ्ठलाशी लाडक्या मुलाच्या हक्काने रुसतात. परंतु हे भांडण घरातले आहे. ईयोबाची भाषा न्यायालयाची आहे : त्याला आरोपपत्र हवे, मध्यस्थ हवा, सुनावणी हवी. भक्ताचे भांडण नाते गृहीत धरते, तर ईयोबाच्या फिर्यादीत नातेच पणाला लागते.

रमाबाईंच्या आयुष्यात ही फिर्याद करण्याचे प्रसंग कमी नव्हते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले, आणि दक्षिणेतील दुष्काळात उपासमारीने आईवडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. व्रते, दानधर्म, पारायणे सर्व यथासांग झालेली होती. रमाबाईंनी अरण्यातील त्या दिवसांचे वर्णन केले आहे : अन्न नाही, केवळ पाणी, पाने आणि थोडी रानटी खजुरे; वडिलांचा जलसमाधीचा निश्चय; आणि निरोप घेताना लेकीला देवाच्या हाती सोपवणारे त्यांचे शब्द. पुढे भावाबरोबर उत्तरेत फिरताना पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचावासाठी दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि डोके तेवढे उघडे ठेवून स्वतःला पुरून घेतले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. वैधव्य हे पूर्वजन्मीच्या अपराधाचे फळ मानले जाते, हे त्यांनीच 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) या ग्रंथात उघड केले. ईयोबाच्या मित्रांचा युक्तिवाद मराठी समाजात सर्वाधिक निष्ठुरपणे लादला गेला तो विधवेवर. तो युक्तिवाद ज्या निर्धाराने रमाबाईंनी फेटाळला, त्या अर्थाने त्या ईयोबाच्या बाजूच्या आहेत.

तथापि येथेच एक अडचण उभी राहते. समाजाविरुद्ध आणि शास्त्रांविरुद्ध त्यांची फिर्याद स्पष्ट आहे. देवाविरुद्ध ती आढळत नाही. आत्मनिवेदन लिहिले गेले ते ख्रिस्तप्राप्तीनंतर, त्यामुळे अरण्यातील भूक ही खोट्या दैवतांच्या निष्फळतेचा पुरावा ठरते आणि पुढील कृपेची वाट ठरते. म्हणजे दुःखाला कारण मिळते. जे कारण सांगणे विधवेच्या बाबतीत त्यांना असह्य होते, तसेच, आशय बदलून, आपल्या मृत मातापित्यांच्या बाबतीत त्यांच्या लेखनात डोकावते. साक्ष देणाऱ्या कोणत्याही धर्मांतरिताच्या गद्याला हा धोका असतोच; त्याबद्दल रमाबाईंना दोष देणे उचित नव्हे, पण तो नजरेआड करणेही उचित नव्हे.

या लेखनाचे वाङ्मयीन सामर्थ्य जिथे विवरण थांबते तिथे आहे. झेलमच्या वाळूतील ती दोन डोकी कोणत्याही सिद्धांताची दृष्टांतकथा होत नाहीत. दुर्बल माणूस तेथे जसा आहे तसा दिसतो. गेथशेमाने बागेतील येशूही असाच दिसतो : मार्क त्याची व्याकुळता लपवीत नाही, आणि प्याला टळावा ही प्रार्थना समर्पणाच्या आधी येते. भय म्हणजे अश्रद्धा, हे समीकरण बायबललाच मान्य नाही.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी त्याची छपाई केली. जुलै १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाई. भाषांतर त्याआधी पुरे झाले होते. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ईयोबाला वावटळीतून मिळालेले उत्तर प्रश्नांचेच आहे. कारण तेथेही सांगितलेले नाही. मात्र शेवटच्या अध्यायात देव निवाडा देतो : कारणे सांगणारे मित्र यथार्थ बोलले नाहीत, फिर्याद करणारा ईयोब बोलला. भाषांतरकर्तीने तो निवाडा आपल्या हाताने मराठीत उतरवला. तिचे आत्मनिवेदन त्या निवाड्याशेजारी ठेवून वाचले, तर त्यातील स्पष्टीकरणांपेक्षा अरण्य आणि नदीकाठ यांनाच अधिक वजन द्यावे लागते.