‘उचल्या’ : याला पुढारी केलं कुणी?

औंढा नागनाथची आख्यायिका मराठवाड्यात घरोघरी माहीत आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे पिटाळलं आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं आली तेव्हा मराठी साहित्यही असंच फिरलं, असं आपण कौतुकाने म्हणतो. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (१९८७) पुन्हा वाचताना मात्र प्रश्न पडतो : मागे उभ्या असलेल्या गर्दीच्या वतीने बोलणाऱ्याला निवडलं कुणी?

जुन्या आयर्लंडमध्ये कुळाचा प्रमुख भाऊबंदांतून निवडला जाई. आपल्याकडे जातीचे पंच होते. लातूरजवळच्या धनेगावात पाथरुटांच्या वस्तीतला लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो, पोरांना हगवण लागते आणि पंच त्याच्या शाळेवर ठपका ठेवतात. १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांना वेगळेपणाची भीती वाटणारच. गायकवाड हे लिहितात तेव्हा पंचांना खलनायक करत नाहीत. पुस्तकाची खरी ताकद इथे आहे.

पुढे सूतगिरणीतली नोकरी, कामगारांची संघटना, मोर्चे. इथून निवेदन बदलतं. भूक, मार आणि पोलिसांचा धाक ज्या तपशिलाने आले होते, तो तपशील विरळ होतो. सभा-मागण्यांचा अहवाल सुरू होतो. हा लेखनदोष आहेच. पण तो अर्थपूर्णही आहे. वस्तीतला पोरगा ‘मी’ म्हणत होता, पुढाऱ्याला ‘आम्ही’ म्हणावं लागतं. त्या ‘आम्ही’त बहिणी, भावजया, अजून चोरीवरच पोट भरणारे भाऊबंद कितपत मावतात, याचं उत्तर उत्तरार्ध देत नाही.

१९८८मध्ये पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे गिरणीतल्या कामगारांनी आधी मानलेल्या या पुढाऱ्यावर नंतर आपण वाचकांनीही शिक्कामोर्तब केलं. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यातल्या कितीजणांना तेव्हा ते वाचता येत होतं? यात लेखकाचा दोष नाही. एका माणसाला अख्ख्या जमातीचा आवाज ठरवून मोकळं होणं ही आपली सोय आहे.

देऊळ एकदा फिरलं म्हणून काम संपत नाही. ते फिरलं तेव्हा दुसरी एक बाजू मागे गेलीच. ‘उचल्या’ आज वाचायचं ते तिकडे कोण उभं आहे, हे पाहण्यासाठी.